शाफ्टमधलं पाणी

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा वेंगुर्ल्याच्या अलीकडची ती खाण बंद होऊन वर्ष झालं होतं. कामगार आपापल्या गावी गेले होते, रूळ उपटून बैलगाड्यांतून बंदरावर गेले होते. मागे राहिलेला एकच नोकर म्हणजे माझे यजमान. रोज सकाळी शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीत, दोरी सोडायची, पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं आणि शनिवारी आकडे मुंबईच्या ऑफिसला पोस्टाने पाठवायचे, एवढंच त्यांचं काम.

"पाणी मोजून काय करतत?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आत पाणी कुठे साठतं ते वरून दिसत नाही. म्हणून मोजायचं," ते म्हणाले. घरात ते मालवणीच बोलायचे, पण पाण्याचा विषय निघाला की साहेब समोर उभा असल्यासारखं शुद्ध मराठी सुरू व्हायचं. मला हसू यायचं.

भाद्रपदात त्यांना टायफॉइड झाला. डॉक्टरांनी महिनाभर उठायचं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याच सकाळी हे दोरी घेऊन निघाले आणि ओटीवरच बसले.

"तुमी पडून रवा. मी जातंय," मी म्हटलं.

त्यांनी मला पडल्या पडल्या शिकवलं. दोरीच्या टोकाला लाकडाचा ओंडका होता. तो पाण्यावर टेकला की दोरी ढिली पडायची. फुटाफुटाला गाठ होती. "गाठी मोजताना कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही," ते म्हणाले. पहिल्या दिवशी मी तीनदा मोजलं. कठड्यावरून वाकलं की खालून थंडगार वारा तोंडावर यायचा.

पाऊस ओसरला तशी पातळी रोज थोडी उतरू लागली. मग दसऱ्याच्या सुमारास दोरी कमी लागायला लागली. शेहेचाळीस फूट, दुसऱ्या दिवशी साडेचव्वेचाळीस. माझंच चुकलं असेल म्हणून मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस भरले, तेव्हा सांगितलं.

त्यांनी डोळे उघडले. "पाऊस पडलो?"

"नाय."

"खालच्या व्हाळात पाणी आसा काय, बघून ये."

पाण्याबद्दल ते मालवणीत बोलले, आणि मला भीती वाटली.

खाणीतलं जादा पाणी डोंगराच्या कुशीतल्या एका आडव्या बोगद्यातून बाहेर पडून ओढ्याला मिळायचं. मी गेले तर ओढा कोरडा. बोगद्याचं तोंड लाल मातीने गच्च बुजलेलं. त्याच्याच खाली एका काकीचं घर होतं. नवरा नव्हता, मुलगा मुंबईला गिरणीत. पोफळीची बाग आणि एक गाय, एवढा तिचा संसार. मला बघताच ती कडाडली.

"माजा पाणी तुमी बंद केलात?"

"काकी, ता पाणी आत साठतासा. कधी फुटात सांगूक येवचा नाय. आमच्याकडे चला."

"आणि गाय?"

"गायीक पण घेवया."

"तुझो घोव बरो जाल्यावर बघूया."

मी तिच्या पायरीवर बसले. "तुमी उठल्याशिवाय मी हलूची नाय. थंय त्यांका पेज घालूची आसा, ती राहात."

काकी बराच वेळ पुटपुटत राहिली. मग आत जाऊन तिने गाठोडं बांधलं.

मी मुंबईला तार केली. काकीने आल्या आल्या आमच्या चुलीचा ताबा घेतला. माझी पेज पातळ होते म्हणून यांच्यासमोरच मला बोलली, आणि हे आजारपणात पहिल्यांदा हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठं झाड कोसळल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघी धावलो. लाल पाण्याचा लोंढा ओढ्यातून खाली चालला होता. अर्धी बाग आडवी झाली होती, घरात गुडघाभर चिखल होता. काकी म्हणाली, "गोठो गेलो," आणि तिथेच दगडावर बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

मग मुंबईहून साहेब आले. बोगद्याचं तोंड मोकळं करून त्यांनी दगडी बांधकाम करवलं. वही चाळताना मध्येच थांबले. "हे अक्षर कोणाचं?"

हे उशीला टेकून बसले होते. "माझ्या पत्नीचं," ते म्हणाले. पत्नी हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हाच ऐकला. साहेबांनी मला त्या पानांवर सही करायला सांगितली. माझी सही नव्हतीच. मी पूर्ण नाव लिहिलं.

काकी वैशाखापर्यंत आमच्याकडे राहिली. मुलगा रजा घेऊन आला, भिंती उभ्या राहिल्या, पोफळीची नवी रोपं आम्ही तिघींनी लावली, म्हणजे मी, काकी आणि तिची सून. पुढे यांना मालवणला नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो.

बऱ्याच वर्षांनी एसटीच्या कंडक्टरने एक पिशवी आणून दिली. नव्या झाडांची पहिली सुपारी होती. आमच्या घरात सुपारी कोणीच खात नसे. तरी यांनी एक ओली फोडून तोंडात टाकली, आणि डोकं गरगरलं म्हणून दुपारभर पडून राहिले.