पुलावर पडणारा सोबती

दादाला मिल्टरीचं वेड लागलं ते हिंगोलीच्या दसऱ्यात. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. प्रदर्शनात आकाशपाळण्याच्या मागं एका तंबूत व्हिडिओ गेमच्या चार पेट्या मांडलेल्या असायच्या. त्यातल्या एका पेटीत हिरव्या कपड्यातला शिपाई पळत पळत गोळ्या झाडायचा. दादा दहावीला, मी सातवीला. तो त्या पेटीपुढून हलेना, तेव्हा बाबांनी त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. शिरड शहापूरला परत येताना जीपमध्ये तो म्हणाला, "मी मिल्टरीत जाणार."

"ते खेळणं हाय," बाबा म्हणाले.

खेळण्यामुळं कुणी फौजेत जात नाही, हे मलाही कळतं. बाबा गवंडी होते, आणि सिमेंटनं त्यांच्या बोटांना पडलेल्या भेगा दादानं रोज पाहिल्या होत्या. पण औंढ्याच्या रस्त्यानं पहाटे पळताना तो तोंडानं त्या पेटीतले आवाज काढायचा, हेही मी ऐकलेलं आहे. दोनदा भरतीत छाती कमी भरली. तिसऱ्यांदा घेतलं.

तो गेला आणि मी बी.ए. करून हिंगोलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. प्रॅक्टिकल संपलं की पोरं गेम लावून बसत. कुणीतरी लढाईच्या गेमची सीडी आणली होती. हातात बंदूक, समोर बर्फ, कानात धडाधडा आवाज. पोरांना वाटायचं, ही भरतीचीच तयारी आहे. मालकही काही बोलत नसे, कारण त्या गेमपायी पोरं क्लास बुडवत नसत.

दादाच्या भरतीनंतर पाच-सहा वर्षांनी एका दुपारी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. दादाच्या चौकीजवळ तोफगोळा पडला होता. दादाचा डावा कान गेला, खांद्यात लोखंडाचे तुकडे घुसले. त्याच बंकरमध्ये राहणारा त्याचा जोडीदार जागीच गेला. तो बुलढाण्याकडचा होता. दादाच्या पत्रांत कायम त्याचंच असायचं: तो भाकरी कशी जाळतो, झोपेत आईला कशा हाका मारतो.

बरेच महिने दवाखान्यात काढून दादा कायमचा घरी आला. दारासमोर खुर्ची टाकून बसायचा. बाबा मला म्हणाले, "याला तुझ्यासंगं घेऊन जात जा. बसून बसून येडं व्हईल लेकरू."

तो क्लासला यायला लागला. टायपिंग शिकवत होते मी त्याला. तो फौजी आहे हे कळल्यावर पोरांनी त्याला गराडाच घातला. "दादा, एक बार खेळून दाखवा ना!" तो बसला. मिनिटभरात मेला. पोरं टाळ्या पिटून हसली, तोही हसला.

"दादा, भरतीत कामी येते का हो हे?" एकानं विचारलं.

"भरतीत पळाया लावतेत," दादा म्हणाला. "बसून काय व्हत न्हाई तिथं."

पण त्या दिवसापासून तो खेळायला लागला. मला बरं वाटलं. कशात तरी जीव रमला म्हणायचा. त्या गेममध्ये पहिल्यापासून एक सोबती असतो. तो पुढं पळतो, मागं वळून हाक मारतो, इंग्रजीत थट्टा करतो. पंधरा दिवसांनी दादा पुलापर्यंत पोचला. तिथं त्या सोबत्याला गोळी लागते आणि तो पडतो. मग पुढची लढाई सुरू होते.

दादा पुढं गेला नाही. त्यानं तो पूल परत पहिल्यापासून लावला, मग परत. कधी आधी पळून जायचा, कधी मागं थांबायचा, कधी सोबत्याच्या आडवा उभा राहायचा. लाईट गेली की हात मांडीवर ठेवून गप बसायचा, आली की पुन्हा पुलावर. पोरं कंटाळून दुसऱ्या मशीनवर गेली. असे आठ-दहा दिवस गेले.

शेवटी मी खुर्ची ओढून त्याच्या उजव्या कानाशी बसले. म्हटलं, "दादा, तो वाचत नसतो. तसं लिहूनच ठेवलेलं आहे. तू काहीही कर, तो तिथं मरतोच."

"कुणी लिवलं?"

"ज्यानं गेम बनवला त्यानं."

"काहून?"

मी म्हटलं, "खेळणाऱ्याला राग यावा म्हणून. मग तो पुढं जोरात खेळतो."

पडद्यावर सोबती पडलेलाच होता. दादा त्याच्याकडं बघत म्हणाला, "आमाला बी त्या सांजच्याला साहेबानं उभं केलं. म्हणला, बदला लेना है. समदे वरडले. मी बी वरडलो. माझ्या कानातून रगत येऊन राहिलं होतं."

तेवढंच. त्या दिवसाबद्दल तो माझ्यापाशी बोलला ते एवढंच. मला वाटलं, खरं कळलं, आता सुटला. दुसऱ्या दिवशी तो त्याच मशीनवर येऊन बसला आणि पूल लावला.

आणखी आठवड्यानं मी तो गेम सगळ्या मशीनवरून काढून टाकला. दादानं फोल्डर उघडून पाहिले. तासभर तसाच बसला आणि एकटाच स्टँडवर निघून गेला. त्यानंतर क्लासला आला नाही. मी केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. तो पुन्हा खुर्चीवर दारासमोर बसू लागला. बुलढाण्याला त्या जोडीदाराच्या घरी जाऊन ये, असं आई किती वेळा म्हणाली. गेला नाही. लग्नाचं काढलं की उठून जायचा.

पुढच्या वर्षी क्लासमधली तीन पोरं फौजेत लागली. मालकानं हॉल घेऊन सत्कार ठेवला आणि दादालाच पाहुणा म्हणून बोलावलं. मला वाटलं, येणार नाही. पण इस्त्री केलेला शर्ट घालून आला. तिघांच्या गळ्यात हार घातले. माईक हातात दिला तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "जपून ऱ्हावा." टाळ्या पडल्या. पोरं पाया पडली. एकाची आई रडत होती, तिनंही हात जोडले.

घरी येताना जीप खच्चून भरलेली. माझ्या मांडीवर सत्काराचा नारळ होता. औंढ्याच्या अलीकडं दादा म्हणाला, "मी खोटं बोललो बाई. जपून ऱ्हाऊन काय व्हत न्हाई. तो लई जपून ऱ्हायचा."

समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं आमच्याकडं पाहिलं. मी नारळ या हातातून त्या हातात घेतला. घरी पोचल्यावर दादानं शर्ट काढून खुंटीला लावला आणि दारात जाऊन बसला.