सातारा-मिरज, व्हाया बाभळीचा तक्ता

घरात एकदा लाकूडकाम निघालं की भुसा किती दिवस सापडेल याचा नेम नाही. झाडून घ्या, पुसून घ्या, महिन्याभरानं पंख्याच्या पात्यावर हजर. सुभेदारांच्या तक्त्याच्या किश्श्यांचं तसंच झालंय. सगळे सांगून संपले म्हणावं, तर चहा यायच्या आत एक नवीन खाली पडतो.

सुभेदार मूळचे उंब्रजकडचे. सैन्यातून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधलं. मिशी अशी, की खोलीत आधी ती यायची, मग सुभेदार. अड्ड्यावर आम्ही चौघं: सुभेदार, आयटीआयमधले कांबळे सर, कोरेगावचा तुकाराम मिस्त्री आणि फुकट सल्ले द्यायला मी.

सुभेदारांची एकुलती लेक सुनंदा मिरजेला दिलेली. व्याही रेल्वेतले निवृत्त गार्ड. दोन दिवाळ्या झाल्या, सुनंदा माहेरी आली नव्हती. व्याह्यांचं कारण ठरलेलं: "रिझर्वेशन मिळालं नाही." मिरज ते सातारा, रिझर्वेशन! तीस वर्षं गाडीतून फुकट फिरलेला माणूस, आणि सुनेला बसायला जागा मिळेना.

सांगलीत एका लग्नात हे व्याही जिलबी खाता खाता म्हणाले, "साताऱ्याच्या लोकांना रेल्वेतलं काय कळणार? तुमचं स्टेशनसुद्धा गावात यायला तयार नाही. आमच्या मिरजेत बघा, तीन तऱ्हेचे रूळ."

सुभेदारांच्या भावानं, तो बोटीवर नोकरीला होता, परदेशातून विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी आणून दिली होती. खोकं दोन वर्षं कपाटावर पडून होतं. सुभेदार तिथंच पंगतीत म्हणाले, "दसऱ्याला या. माज्या घरात गाडी साताऱ्यास्नं मिरजेला जाताना दावतो. पोचली, तर सुनंदा दिवाळीला पंधरा दिस माहेरी. न्हाई पोचली, तर ही मिशी तुमच्या हातानं उतरवा."

दुसऱ्या महिन्यापासून मिरजेहून पोस्टकार्डं येऊ लागली. 'इकडील सर्व क्षेम. मिशीची प्रकृती कशी आहे?'

*

कांबळे सरांनी एका संध्याकाळी नकाशा काढून आणला. आधी बेसबोर्ड, म्हणजे रूळ ठोकायचा लाकडी तक्ता. बारा फूट लांब, दोन फूट रुंद, हलकं प्लायवूड, खाली पातळ पट्ट्यांची चौकट. पहिलाच प्रयत्न म्हणून रूळ सरळ. एका टोकाला सातारा, दुसऱ्या टोकाला मिरज.

कांबळे सरांचं ऐकायचं नाही, हा आमच्या अड्ड्याचा पहिला नियम. चुकलं की त्यांनाच विचारायचं, हा दुसरा.

"प्लायवूड?" सुभेदार म्हणाले. "सर, आमी नदीवर पूल बांधलेत, त्यावरनं रणगाडं गेलं. लाकूड बाभळीचंच."

"सुभेदार, इंजिनाचं वजन पाव किलो आहे."

"आज हाय. उद्या वाढलं तर?"

बाभळीच्या फळ्या उंब्रजहून ट्रॅक्टरनं आल्या. पहिल्याच दिवशी चाळीस खिळे वाकले. तक्ता उभा राहिला तेव्हा तो हलवायला सात माणसं लागली. सातवा मी होतो, मी नुसता हात लावला होता.

*

तुकाराम मिस्त्रीनं उभ्या जन्मात कौलारू छपरं सोडून दुसरं काही केलं नव्हतं. माणूस हाताचा पक्का. रंधा मारला की फळीत तोंड दिसावं.

तक्ता झाल्यावर कांबळे सरांनी त्यावर गोटी ठेवली. गोटी साताऱ्याहून निघाली आणि मिरजेवरून खाली पडून थेट देवघरात गेली.

"तुकाराम, उतार दिलास?"

"दिला की. चांगला तीन इंच."

"कशाला रे बाबा?"

"आवं सर, पानी साचंल न्हवं."

"हा तक्ता घरात आहे. वर स्लॅब आहे."

तुकारामानं स्लॅबकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "स्लॅब कुनी घातलाय ते मला ठावं हाय."

स्लॅब सुभेदारांच्या मेहुण्यानं घातला होता. विषय तिथंच मिटला.

*

कांबळे सर म्हणाले, फार काही नाही, मिरजेकडच्या पायांखाली तीन इंचाचे ठोकळे द्या, तक्ता सपाट होईल. दुसऱ्या दिवशी आयटीआयच्या कोपऱ्यावरच्या सुताराकडून ठोकळे कापून घेऊन स्वतः आले.

तोवर सुभेदारांनी पहाटे उठून तक्त्याचे आठही पाय फरशी फोडून जमिनीत गाडले होते. वर सिमेंट.

"मोर्चा एकदा बांधला की हलता कामा नये," ते म्हणाले.

सरांनी ठोकळे पिशवीत घातले. सुभेदारीण वहिनींनी फरशीकडं बघितलं आणि त्या दिवशी चहात साखर घातली नाही. कुणालाच.

*

तरी गाडी चालली, हे सांगायला पाहिजे. कांबळे सरांनी रूळ घासले, वायरी जोडल्या. इंजिन तीन डबे घेऊन मिरजेला जायचं ते तुरुतुरु. येताना मात्र खंबाटकीच्या घाटातल्या उसाच्या ट्रकसारखं कण्हायचं. सुभेदारांनी मिशीला तूप लावलं. वहिनींनी सुनंदाच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. दसऱ्याच्या आधीच चकलीची भाजणी दळायला गेली होती.

*

दसऱ्याला सकाळी अकराला व्याही आले. एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात नवा कोरा वस्तरा, त्याला हळदकुंकू लावलेलं. खिशात गार्डाची शिट्टी. आमचा अड्डा भिंतीला लागून उभा. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात.

सुभेदारांनी बटण दाबलं. इंजिनानं एक झटका दिला आणि लाइट गेली. गल्लीतली सगळी.

पाच मिनिटं. दहा. वीस. सुभेदारांच्या मिशीवरचं तूप ओघळायला लागलं. व्याह्यांनी घड्याळ काढून तक्त्यावर ठेवलं. "गाडी रद्द, सुभेदार. वहिनी, वाटीभर पाणी आणा. कोमट."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. गादी अजून उन्हातच होती.

तेव्हा कांबळे सर पुढं झाले. इंजिन उचलून त्यांनी खिशात ठेवलं आणि मागच्या डब्याला करंगळी लावली.

तीन डबे साताऱ्याहून निघाले. आधी हळू, मग जोरात. इंजिनाशिवाय सुटलेले डबे दिसताच तीस वर्षांचा गार्ड अंगात आला. व्याह्यांनी शिट्टी फुंकली, "अरे, ब्रेक, ब्रेक," म्हणत मिरजेच्या टोकाला धावले आणि तिन्ही डबे स्वतःच्या ओंजळीत झेलले.

मग तुकाराम हळूच म्हणाला, "पोचली म्हनायची."

"इंजिन कुठाय?" व्याही धापा टाकत म्हणाले.

"पैजंत इंजिन न्हवतं," सुभेदार म्हणाले.

व्याह्यांनी ओंजळीतले डबे बघितले, उतार बघितला, सिमेंटात रोवलेले पाय बघितले. रेल्वेतला माणूस, असा सोडणार थोडाच. "ठीक आहे. उतारानं मिरजेला आली. पण आता परत साताऱ्याला कशी जाणार, ते सांगा."

दारातून वहिनी पहिल्यांदाच बोलल्या.

"आवं दादा, दोन दिवाळ्या आमी दुसरं काय इचारतोय?"