हॉक्सबरीचा जाणकार

सिडनीच्या स्कोफिल्ड्समधल्या मराठी मंडळींना हॉक्सबरी नदीबद्दल काही विचारायचं असलं की ते चंद्रहास शेंडेला फोन करतात. कयाक कुठून भाड्याने मिळेल, मासे धरायला परवाना लागतो का, वॉटरस्कीइंगच्या बोटी नसतील असा शांत काठ कुठला, वाइजमन्स फेरीला गाडी तराफ्यावरून न्यायचे पैसे पडतात का. चंद्रहासला सगळं ठाऊक असतं. पैसे पडत नाहीत, हेही आणि का पडत नाहीत, हेही.

ठाऊक असणारच. वाईत जन्म, पुण्यात इंजिनियरिंग आणि गेली वीस-बावीस वर्षं सिडनीत पुराची गणितं करण्याची नोकरी. कुठे किती पाऊस पडला तर विंडसरच्या पुलाशी पाणी किती मीटर चढेल, हे तो कॉम्प्युटरवर मांडून दाखवतो. मागच्या मोठ्या पुरांत पाणी जवळजवळ चौदा मीटर चढलं, तेव्हा सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच नाव होतं. लोक तहानभूक विसरून ‘चंद्रहास, आमच्या गल्लीत येईल का रे?’ विचारत होते आणि हा एकेकाला उत्तर देत होता. त्याचा एकही अंदाज चुकला नाही. आता बघा, एवढ्या जाणकार माणसाने त्या नदीत घोट्याच्या वर पाय कधी बुडवला नव्हता.

कारण त्याला पोहता येत नाही. कृष्णेच्या काठी वाढलेला मुलगा, आणि पोहता येत नाही! त्याची आई, माई, वाईच्या घाटावर सगळ्या आळीच्या पोरांना पोहायला शिकवायची. पाठीला वाळलेला भोपळा बांधायची आणि द्यायची ढकलून. परक्यांची पोरं आठवड्यात माशासारखी सुटायची. चंद्रहासला मात्र तिसऱ्या इयत्तेत घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरून नाकातोंडात पाणी गेलं होतं. माईनेच उडी टाकून बाहेर काढलं. त्यानंतर भोपळा दिसला की हा घराकडे पळत सुटायचा. माईने चार वर्षं नाना उपाय केले आणि शेवटी नाद सोडला. ती स्वतः मात्र साठी उलटेपर्यंत पोहत होती. पुढे नदीचं पाणी बिघडलं आणि तिचं पोहणं सुटलं.

माई त्र्याहत्तर वर्षांची असताना सिडनीला आली. सहा महिन्यांचा व्हिजा. आता पाहुण्या आईवडिलांचा व्हिजा म्हणजे त्यांच्या आधी विमा येतो, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. आपल्या लोकांना सापापेक्षा, कोळ्यापेक्षा आईवडिलांच्या मोडलेल्या हाडाची भीती जास्त. चंद्रहासने विम्याचं बासष्ट पानी पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. इतकं मन लावून ते विमा कंपनीतही कुणी वाचलं नसेल. विम्यात काय काय धरत नाहीत, त्याची यादी त्याला पाठ होती. माईने ट्रॅम्पोलिनवर बसायचं नाही, ओल्या टाइल्सवर एकटीने जायचं नाही, शेजारच्यांच्या कुत्र्याच्या अंगाला हात लावायचा नाही. माई हसायची आणि ऐकायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी तो तिला नदी दाखवायला विंडसरला घेऊन गेला. बायको देवयानी, अकरा वर्षांची ओवी, आणि ग्रुपमधली आणखी तीन कुटुंबं. पोळीभाजी, ढोकळा, बार्बेक्यू, सगळा सरंजाम. काठावर उभं राहून चंद्रहासने आपलं नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. ही नदी एकच, पण नावं दोन. वरच्या अंगाला नेपियन म्हणतात, यारामुंडीला ग्रोस नदी येऊन मिळाली की हॉक्सबरी. गोरे एकाच वर्षी एका बाजूने समुद्रातून आले, दुसऱ्या बाजूने जमिनीवरून आले. दोघांनी दोन नद्या समजून दोन नावं ठेवली, आणि ही एकच आहे हे कळेपर्यंत नावं चिकटली होती. मुळात इथले दारुग लोक तिला दियरबिन म्हणत. या काठावर त्यांचे कंद उगवायचे, ते उपटून गोऱ्यांनी मका लावला, त्यावरून रक्त सांडलं. पुढे खडकांच्या घळीत नदी इतकी अरुंद होते, की पाऊस जास्त झाला की न्हाणीची मोरी तुंबावी तसं पाणी मागे इथे फुगतं.

सगळे माना डोलवत होते. माईचं लक्ष पाण्याकडे होतं. तिने एक वाळकं पान उचलून पाण्यात टाकलं आणि बराच वेळ बघत राहिली.

“चंदू, तुझी नदी उलटी चाललीय रे.”

“भरतीचं पाणी आहे माई. समुद्र इथून नदीच्या वाटेने शंभर किलोमीटरवर आहे, तरी त्याची ओढ इथवर पोचते.”

“म्हणजे थोड्या वेळाने थांबणार. मग सुलटी होणार.”

“हो. का गं?”

माईने पाण्यात आणखी एक पान टाकलं. तासाभराने चंद्रहास सॉसेज उलटत होता, तर ओवी ओरडली, “आजी’ज गोइंग इन!” त्याने वळून पाहिलं. माईने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला होता आणि ती गुडघाभर पाण्यात उभी होती. दोन्ही हातांनी पाणी घेऊन खांद्यावर टाकत होती. पाण्यात शिरण्यापूर्वी अंगाला गारव्याची सवय करतात, तशी.

 हातातला चिमटा टाकून चंद्रहास काठाशी धावला आणि चारचौघांत ओरडला, “माई, बाहेर ये! आधी बाहेर ये! हे वाई नाही!”

“अरे, पाणी संथ आहे. नुसती त्या तरंगत्या बोयापर्यंत जाऊन येते.”

“गढूळ पाणी आहे, खाली लाकडं अडकलेली असतात, बोटी फिरतात, बुल शार्क येतात वर. आणि तुला काही झालं तर विमा एक पैसा देणार नाही. इथे तू माझ्या जबाबदारीवर आहेस, कळतंय का?”

शेजारी उभी असलेली माणसं उगाचच ढोकळ्याकडे बघू लागली.  माई शहाण्या मुलीसारखी बाहेर आली, पदराने पाय पुसले आणि खुर्चीवर जाऊन बसली. परतताना गाडीत ती ओवीला गोष्ट सांगत होती. नदीचं नाव तिने त्यानंतर काढलं नाही. माईला पटलं, असं चंद्रहासने धरलं. इतकंच नव्हे, सोमवारी ऑफिसात डबा खाताना त्याने ही हकीकत सहकाऱ्यांना सांगितली आणि पुराच्या पाण्याइतकंच म्हाताऱ्या माणसांनाही वेळीच अडवावं लागतं, असा शेराही मारला. आज तो शेरा आठवला की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एप्रिलमध्ये माई परत गेली. एअरपोर्टवर तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “नदी छान आहे रे तुझी.” तिला दुसरं काही सुचलं नसेल, असं त्याला वाटलं. पुढच्या वेळी मी तुला हाउसबोटवर नेईन, तीन दिवस नदीवरच राहू, असं त्याने कबूल केलं. पुढच्या वर्षी तिचं तिकीट काढलं आणि कोविडने सगळी विमानं जमिनीवर बसवली. विमानं उडायला लागली तोवर माईचं खुब्याचं हाड मोडलं. वाईत, घरातल्या घरात, कोरड्या फरशीवर. आता ती त्याच्या बहिणीकडे, वाईतल्याच विनीताकडे असते. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते.

यंदा मार्चमध्ये हेदर गेली. हेदर म्हणजे ओवीच्या जुन्या शाळेसमोर हातात थांबा-पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई. माई रोज ओवीला शाळेत सोडायला जायची, तेव्हा या दोघींची गट्टी जमली होती. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी बेताचं, पण फाटकाशी अर्धा अर्धा तास उभ्या असायच्या. विंडसरच्या चर्चमध्ये अंत्यविधी होता. चंद्रहास, देवयानी आणि आता युनिव्हर्सिटीत जाणारी ओवी, तिघंही गेली. इथल्या रीतीप्रमाणे समोरच्या पडद्यावर हेदरचे फोटो एकामागून एक येत होते. शाळकरी हेदर, लग्नातली हेदर, घोड्यावरची हेदर.

आणि मग नदी. पाण्याबाहेर दोन डोकी. एक हेदरचं, टोपी घातलेलं. दुसरं पांढऱ्या अंबाड्याचं. माई तोंड भरून हसत होती आणि काठ तिच्या मागे खूप लांब होता.

फोटो चारेक सेकंद राहिला. चंद्रहासने ओवीकडे पाहिलं. ओवीने देवयानीकडे पाहिलं. देवयानीने मान खाली घातली.

पार्किंगमध्ये गाडीपाशी आल्यावर त्याने विचारलं, “हे कधी झालं?”

“पिकनिकनंतर दोन आठवड्यांनी,” देवयानी म्हणाली. “शाळेची सुट्टी चालू होती. मी त्या दिवशी आजारी आहे म्हणून सिकी टाकली होती. फ्रीमन्स रीचला हेदरच्या भावाचं लॉनच्या गवताचं टर्फ फार्म आहे ना, त्याच्या काठावरून उतरल्या दोघी.”

“तू होतीस तिथे? आणि मला बोलली नाहीस?”

“काय बोलणार होते? तू बासष्ट पानं उघडून बसला असतास.”

“बाबा, इट वॉज सेफ,” ओवी मध्ये पडली. “हेदरचा भाऊ बोट घेऊन बाजूलाच होता, होल टाइम. आणि टाइम आजीने ठरवला. भरती थांबते तेव्हाच उतरायचं, असं तिनेच सांगितलं. तो म्हणाला, धिस लेडी नोज वॉटर.”

“किती लांब गेली?”

“अक्रॉस. पलीकडे. तिकडे दहा मिनिटं बसली आणि आम्हाला हात केला. मग परत आली. बाबा, शी वॉज अमेझिंग. हेदर अर्ध्यातच दमली, आजीने तिला बोट धरायला लावली.”

चंद्रहास गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. नदी तिथे किती रुंद आहे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. फ्रीमन्स रीचचा नदीचा छेद त्याने स्वतः मांडला होता. खोली किती, तळाला गाळ किती, काठाचा उतार किती. तेच पाणी त्याची आई कापून गेली आणि आली, आणि तो त्या वेळी ऑफिसात त्याच नदीचे आकडे बघत बसला होता.

“लुगडं?” त्याने विचारलं. असला प्रश्न का विचारला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“गॅरेजमध्ये वाळत घातलं होतं,” देवयानी म्हणाली. “तू विचारलंस, तर मी म्हटलं, माईंनी भिजवून ठेवलंय. तू म्हणालास, ड्रायर आहे की.”

त्याला ते आठवलं. रडू येईल असं त्याला वाटलं, पण आजूबाजूला काळ्या कपड्यांतली माणसं मिठ्या मारून एकमेकांचा निरोप घेत होती, म्हणून त्याने चावी काढली आणि गाडी सुरू केली.

घरी येईपर्यंत त्याने मनाशी बरंच भांडून घेतलं. यांनी मला फसवलं, असं म्हणायची सोयच नव्हती. बोट होती, भरती-ओहोटी बघितली होती, पोहणारी जन्माची पोहणारी होती. त्याने काळजीने जे जे करायला सांगितलं असतं, ते ते सगळं त्यांनी केलं होतं. फक्त त्याला वगळलं होतं. त्याच्या आईच्या आयुष्यातली शेवटची नदी चार जणांनी पाहिली, त्यांतला एक तर टर्फ फार्मवाला परका माणूस, आणि पोटच्या मुलाला ती चार सेकंद पडद्यावर दिसली, तीही दुसऱ्या कुणाच्या अंत्यविधीत. हे दुःख सांगावं कुणाला? जिला सांगावं तिनेच तर लपवलं होतं. आणि का लपवलं, हे काठावर उभ्या असलेल्या तीन कुटुंबांनी ऐकलेलं होतं.

संध्याकाळी त्याने वाईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. विनीताने फोन माईच्या हातात दिला. माईने नेहमीप्रमाणे तो इतका जवळ धरला, की एक डोळा आणि अर्धं कपाळच दिसत होतं.

“माई, हेदर गेली.”

“देवयानीने कळवलं रे. फार गोड बाई होती.” माईने पदराने डोळा पुसला. “त्रास नाही ना झाला तिला?”

“नाही. झोपेतच.” तो घुटमळला. “माई, तिथे फोटो दाखवत होते. त्यात तू होतीस. पाण्यात.”

माईने फोन लांब नेला. आता तिचा सगळा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर त्याने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. ऐंशी वर्षांची बाई, जिने त्याला कृष्णेतून केसांना धरून बाहेर ओढलं होतं, ती मुलाच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होती.

“तू रागावला नाहीस ना, चंदू?”

नाही म्हणायला त्याला वेळ लागला. माईने त्या वेळाचा भलताच अर्थ घेतला.

“अरे, मी कुठे लांब गेले होते?” ती घाईघाईने म्हणाली. “काठाकाठानेच होते. कमरेएवढ्या पाण्यात. ओवीला विचार हवं तर.”

“हो माई,” चंद्रहास म्हणाला. “ओवी तेच म्हणाली.”