पेंडीतली गोळी

मेढ्याच्या बाजारात दह्याची दोन गाडगी शेजारी शेजारी बसायची. एक बनुबाईचं, दुसरं तिच्या धाकट्या जावेचं, अंबूबाईचं. दही दोघींचंही सुरीनं कापावं असं. पण गिऱ्हाईक आधी अंबूबाईपुढं वाकलं की इकडं बनुबाईच्या पोटात दुखायला लागायचं, आणि ते दुखणं संध्याकाळपर्यंत उतरायचं नाही.

खरं तर दह्याचा काही संबंध नव्हता. लढाईत दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, पलटणीत गेले होते. थोरला, म्हणजे बनुबाईचा नवरा, तिकडं ब्रह्मदेशातच राहिला. धाकटा लालासाहेब सेहेचाळीस साली लोखंडी ट्रंक डोक्यावर घेऊन घरी आला. अंबूबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा बनुबाई गोठ्याच्या आडोशाला उभी होती. नवरा गेल्याचं दुःख चारचौघांत रडता येतं. दुसरीचा परत आला याचा राग कुणापाशी बोलायचा? बोलली असती तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. म्हणून तो राग तिनं दह्यावर, गिऱ्हाइकांवर, जावेच्या म्हशीवर वाटून टाकला.

बाकी बाई कामाला वाघ होती. पहाटेची धार, शेणघाण, डोक्यावर गाडगं घेऊन दोन कोस बाजार, येताना गवताचा भारा. एकुलती लेक हौसा, तिचं लग्न तिनं एकटीनं लावून दिलं. कुणापुढं हात पसरला नाही, याचा तिला फार ताठा. त्या ताठ्यानंच पुढं घात केला.

झालं असं. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात अंबूबाईच्या म्हशीला दगडी झाली. या रोगात कास दगडासारखी घट्ट होते, सडातून दुधाऐवजी पू येतो आणि बहुतेक वेळा सड कायमचं जातं. बनुबाईला वाईट वाटलं म्हणावं तर तसं काही नाही. लालासाहेबानं ट्रंकेतून सल्फाच्या, पलटणीत जखम चिघळू नये म्हणून देतात त्या, गोळ्या काढल्या आणि सकाळ-संध्याकाळ मूठमूठभर, गुळात घालून, सलग पाच दिवस म्हशीला चारल्या. म्हैस खडखडीत बरी झाली. गावात बोभाटा झाला. लालासाहेब भावजयीलाही म्हणाला, वैनी, कवा लागलं तर मागा, संकोच करू नका. बनुबाईनं मान हलवली आणि मनात ठरवलं, दगड पिळीन पण तुझ्या दारात येणार नाही.

पण गोळी काही डोक्यातून जाईना. दिवाळीच्या बाजारात शमशेर नावाचा एक परत आलेला शिपाई पलटणीतलं सटरफटर विकायला बसे. घोंगड्या, वस्तरे, पाण्याच्या बाटल्या. त्याच्याकडं तिला तसल्याच गोळ्यांची मोठी बाटली दिसली. ती तिनं पदराखाली घालून आणली. किती द्यायच्या, किती दिवस द्यायच्या, हे तिनं विचारलंच नाही. विचारायचं तर लालासाहेबाला, आणि तिथं तर तोंड शिवलेलं. दोघींच्या गोठ्यांमधल्या कुडाच्या फटीतून एका सकाळी तिनं जावेला गुळाचा गोळा म्हशीच्या तोंडात घालताना पाहिलं होतं, तेवढंच तिचं शिक्षण.

तिनं आपल्या अकलेनं हिशेब लावला: आजारी म्हशीला गोळीनं एवढा गुण येतो, तर धडधाकट म्हशीला रोज थोडी दिली तर ती किती दणदणीत होईल! झालं. रोज सकाळी अर्धी गोळी कुटून पेंडीत. जावेला कळू द्यायचं नाही, दाराला कडी लावून द्यायची. पुढं पावसाळ्यात हिरवं गवत आलं आणि म्हैस तुकतुकीत दिसायला लागली. श्रेय गवताचं, पण ते मिळालं गोळीला. तिच्या स्वतःच्या बोटाला, नखाच्या कडेनं पू धरून, नखुर्डं झालं, ते महिनोन्‌महिने फुटे, सुके, पुन्हा फुटे. मग चिमूटभर पूड तिनंही तोंडात टाकायला सुरुवात केली. जाऊ बाजारात शेजारी बसली की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. तुझ्या म्हशीला रोग झाल्यावर औषध, माझ्या म्हशीला रोगच नाही.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हौसा बाळंतपणाला आली. मुलगा झाला. आणि पोर बारा दिवसांचं होतंय तोच बनुबाईच्या म्हशीला दगडी झाली.

ती मुळीच घाबरली नाही. बाटली होतीच. आता अंदाजानंच मूठमूठभर, गुळातून, पाच दिवस. काही नाही. सात दिवस. काही नाही. एक सड गेलं. उरलेल्या तिन्हींचं दूध तिनं काढलं, विरजलं आणि बाजारात नेलं. जावेच्या शेजारी आपली जागा रिकामी दिसायला नको होती. शमशेरनं गोळ्या म्हणून खडूच विकला असं धरून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग म्हशीवरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, कारण नजर कुणाची हे तिच्या दृष्टीनं उघड होतं. कुडापलीकडची.

आणि धार काढून, हात पदराला पुसून, त्याच हातांनी ती लेकीच्या छातीला तेल चोळत होती. आया पूर्वापार चोळत आल्या तसंच.

आठवड्यात हौसाची डावी छाती लालबुंद झाली, दगडासारखी लागायला लागली. अंगात फणफणून ताप. बनुबाईनं गोळ्या दिल्या. उतार नाही. तेव्हा अंबूबाई स्वतः कुड ओलांडून आली, लालासाहेबाची बाटली घेऊन. या वेळी बनुबाईला ताठा परवडणार नव्हता. तिनं बाटली घेतली, अंबूबाईनं सांगितलं तशा घड्याळ लावून गोळ्या दिल्या. ज्या गोळ्यांनी जावेची म्हैस उठली होती, त्यांनी तिची लेक उठेना. सहाव्या दिवशी हौसा वाताच्या भरात बापाला हाका मारायला लागली.

लालासाहेबानं मोटार गाठून दिली. साताऱ्याला न्यायचं ठरलं. तान्ह्याचं काय? अंबूबाईच्या सुनेचं मूल तीन महिन्यांचं होतं, तिला दूध भरपूर. अंबूबाई म्हणाली, पोर हितं ठेव, माझी सून पाजंल. बनुबाईनं नातू तिच्या हातात दिला. लेक मरणाच्या दारात असतानासुद्धा तिच्या मनात आलं, हेही हिलाच मिळालं. आपलं मन असं आहे याची तिला मोटारीत बसल्यावर लाज वाटली. पण आलं ते आलंच.

साताऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गळू फोडलं, तांब्याभर पू काढला आणि पेनिसिलीनची सुई सुरू केली, दर तीन तासांनी एक. चौथ्या दिवशी ताप उतरला. हौसानं पेज मागितली तेव्हा बनुबाई व्हरांड्यात जाऊन पोटभर रडली.

मग डॉक्टरांनी विचारपूस केली. आधी काय काय दिलं होतं? बनुबाईनं सगळं सांगितलं, पेंडीतल्या गोळीसकट, आणि सांगताना तिला थोडी ऐटही वाटली. डॉक्टरांनी तिचा हात उलटा करून नखुर्डं पाहिलं. दूध काय केलं, म्हणून विचारलं. दही लावून विकलं म्हटल्यावर त्यांनी कपाळ चोळलं.

"शेतात हरळी माजली तर काय करता?" त्यांनी विचारलं.

"मुळासकट खणून काढायची. वरवर खुरपली तर दुप्पट येती."

"तेच तुम्ही केलंत. वर्षभर वरवर खुरपलंत. मऊ होते ते जंतू मेले, चिवट होते ते तगले, आणि त्या चिवटांचंच बी वाढलं. म्हशीच्या कासेत, तुमच्या बोटात. आता सल्फाची गोळी त्यांना लागत नाही. तुमच्याच हातांनी ते लेकीला लागलेत."

बनुबाईला जंतू कधी दिसले नव्हते, पण हरळी तिला जन्मापासून माहीत होती. ती आपल्या हातांकडं बघत राहिली.

तेवढ्यात डॉक्टरांनी शेवटचं विचारलं. तान्हं कुणाच्या अंगावर पितंय? तिनं सांगितलं. ते उठूनच उभे राहिले. हा रोग पोराच्या नाकातोंडात बसलेला असणार, म्हणाले. त्या बाईलाही होईल. आजच जा, पोर तिच्या अंगावरून तोडा, उकळलेलं दूध वाटीनं पाजा, आणि तिचं जरा जरी दुखायला लागलं तरी लगेच इकडं आणा. गोळ्यांवर दिवस घालवू नका.

लेकीला दवाखान्यात ठेवून ती दुपारच्या मोटारीनं निघाली. मेढ्याहून गाव पायी. कधी नव्हे ती पळत होती. अंबूबाईच्या दारात पोचली आणि उंबऱ्यापाशी थबकली.

आत सून पोराला मांडीवर घेऊन पाजत होती. अंबूबाई शेजारी बसून त्याच्या टाळूवर तेल जिरवत होती. लालासाहेब पोराला पायाच्या अंगठ्यानं हळूच डिवचत हसत होता. भरलं घर. कुंकू, नवरा, सून, आणि आता मांडीवर बनुबाईचा नातू.

बनुबाईच्या मनात तेव्हा जे आलं ते सांगायलाच हवं. तिला वाटलं, गप्प बसावं. आपण काही मुद्दाम केलेलं नाही. आपल्या घरात आग लागली, एकदा यांच्याही लागू दे. एकदा हिलाही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसू दे. असं वाटलं आणि तिला क्षणभर बरं वाटलं. इतकं बरं तिला लालासाहेब ट्रंक घेऊन आला त्या दिवसापासून वाटलं नव्हतं.

त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. ती आत गेली.

"अंबू, पोर काढ तिच्या अंगावरनं. त्याच्या तोंडात रोग हाय. माझ्या हातचा हाय." आणि मग बाटली, पेंड, कडी लावलेलं दार, मीठमोहऱ्या, सगळं एका दमात सांगून टाकलं.

सुनेनं पोराला बाजूला घेतलं आणि खाली मान घालून म्हणाली, "सकाळपासनं माझं बी ठणकतंय. बोलले न्हाई, पोर उपाशी ऱ्हाईल म्हून."

लालासाहेब चप्पल घालून गाडी जुंपायला गेला. अंबूबाई उठली. तिनं जावेच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"आक्का, दारात कवाची हुबी हुतीस?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं, पण ते तिनं टाळलं. "घटकाभर," बनुबाई म्हणाली.

अंबूबाईला घटकेचा अर्थ कळला. इतकी वर्षं शेजारी बसून दही विकलं होतं, न कळायला काय झालं? तिनं सुनेचं पोर कडेवर घेतलं, दुसरं उचलून बनुबाईच्या हातात दिलं. "धर तुझं," एवढंच म्हणाली, आणि सुनेला घेऊन गाडीत जाऊन बसली.

गाडी वळणाआड गेली. रिकाम्या घरात बनुबाई नातवाला घेऊन उभी राहिली. अर्धपोटी उठवलेलं पोर रडायला लागलं, आणि रडता रडता तोंडानं काहीतरी शोधत तिच्या नखुर्ड्याच्या बोटाकडं वळलं. तिनं हात मागं घेतला.