डाव्या बाजूची मिशी

पुढे पुण्यात स्वतःचा दवाखाना थाटल्यावर मी पुष्कळ टकलांवर केस लावले. माणसं टोपी घालून यायची, दार नीट लागलंय ना ते बघायची आणि मगच टोपी काढायची. सगळ्यांचा प्रश्न एकच, "लोकांना कळणार नाही ना?" काम झालं की ती पुन्हा फिरकत नसत. एका वकीलसाहेबांच्या कपाळावर मी दीड वर्ष खपलो होतो. नंतर एका लग्नाच्या पंगतीत ते माझ्या समोरच बसले, पण ओळख म्हणून दाखवेनात. वर शेजाऱ्याला सांगत होते, आमच्या घराण्यात केस मूळचेच दाट. माझ्या घशाखाली जिलबी उतरेना.

मी मत्सरी माणूस आहे. या वयात ते लपवण्यात अर्थ नाही. बरोबरीच्या डॉक्टरांना मोटारी आल्या, परदेशच्या वाऱ्या झाल्या, तेव्हा मी जळलोच. पण आयुष्यात ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त जळलो तो कुणी डॉक्टर नव्हता. तो मुळशीतला एक म्हातारा न्हावी होता.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी पौडच्या पुढे, मालेच्या रस्त्यावर, एका लहानशा दवाखान्यात काढली. शस्त्रक्रियेची पदवी ताजी होती आणि हाताला काम कसलं, तर गळवं फोडायची आणि विळ्यानं कापलेली बोटं शिवायची. दवाखान्यासमोर एक जांभूळ होतं. त्याच्या सावलीत हा न्हावी वस्तरा-कात्रीची धोकटी उघडून बसायचा. हजामतीबरोबर तो चाईवर औषधही द्यायचा. चाई म्हणजे डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गोल चट्टा पडून केस जातात, ती. तो त्यावर गुंज उगाळून लावायचा आणि तीन-चार महिन्यांत तिथे केस यायचे. आता चाई पुष्कळदा आपली आपणच बरी होते, हे मला पुस्तकावरून ठाऊक होतं. मी ते येईल त्याला सांगायचो. लोक मान डोलवायचे, माझ्याकडून खोकल्याचं औषध घ्यायचे आणि उठून जांभळाखाली जाऊन बसायचे.

माझ्या ओसरीत चार माणसं असली तर त्याच्यापुढे नऊ असत. मी खिडकीतून मोजायचो. कंपाउंडरला ते कळलं होतं, म्हणून तो मुद्दाम त्या खिडकीचा पडदा ओढून ठेवायचा.

त्यात माझं स्वतःचं कपाळ तिशी गाठायच्या आधीच मागे सरकायला लागलं होतं. केस कापायला जाणार कुठे? त्याच्याकडेच. एकदा आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी हळूच विचारलं, "माझ्यासाठी काही आहे का तुमच्याकडे?" त्यानं माझं डोकं उजेडाकडे वळवलं, बोटानं कातडी दाबून पाहिली. म्हणाला, "ही चाई न्हाई, डाक्टर. हे वडलांकडनं आलंय. ह्याला माज्याकडं विलाज न्हाई." त्यानं मला गंडवलं असतं तर मला आवडलं असतं. भोंदू म्हणून मोकळा झालो असतो.

एके दिवशी एक विशीतला गडी तोंडाला पंचा गुंडाळून आला. मला वाटलं, दाढ दुखत असेल. त्यानं पंचा काढला. उजव्या बाजूला झोकदार काळी मिशी होती आणि डावीकडे गुळगुळीत, चकाकणारा डाग. रांगत असताना चुलीतल्या निखाऱ्यावर पडला होता. ओठाचा तेवढा भाग भाजला आणि तिथे पुढे केस उगवलेच नाहीत.

"सगळीच काढून टाकत जा की," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाप जिता हाय माजा," तो म्हणाला.

मी शहरातला, मला तेव्हा त्यातलं गांभीर्य कळलं नाही. तिकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर, दहाव्याला, नदीवर. बाप जिवंत असताना सफाचट ओठानं फिरणं म्हणजे बापाला जितेपणी पोचवणं. त्यानं एकदा गुपचूप ती काढली होती, तर बापानं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. ठेवावी तर लोक 'अर्ध्या' म्हणून हाका मारायचे, काढावी तर बापाच्या जिवावर उठल्यासारखं. म्हणून तो पंचा. बाप आता दम्यानं अंथरुणाला खिळला होता. पोराला एकदा पुऱ्या मिशीनं बघायचं, एवढंच त्याच्या तोंडी होतं.

"काय हुईल का?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो. खरं कारण सांगतो. त्याची दया आली हे खरं, पण त्याआधी मनात आलं ते हे, की हे काम गुंजेनं होणार नाही. जांभळाखालच्या म्हाताऱ्याला आता कळेल.

माझ्या गुरूंकडे परदेशी मासिक यायचं. त्यात एक लेख मी वाचला होता. डोक्याच्या मागचे केस सहसा जात नाहीत. तिथल्या कातडीचे मुळांसकट बारीक गोल तुकडे काढायचे आणि उजाड जागी भोकं पाडून बसवायचे. मासिक परत द्यायचं होतं म्हणून मी घाईघाईनं लेखाचा पहिला भाग वहीत उतरवून घेतला होता. कृती मिळाली, आणखी काय पाहिजे, असं मला वाटलं होतं. भोकं पाडायला हत्यार नव्हतं. जाड सुईचं टोक कापून, घासून, धार लावून मी ते स्वतः तयार केलं.

ज्येष्ठातल्या एका सकाळी त्याला टेबलावर घेतलं. तुकडे काढायची कानामागची जागा भादरायला हवी होती आणि त्या कामाला दवाखान्यात न्हाव्यालाच बोलवायची रीत होती. तो आला, चार हात फिरवले, जागा साफ केली. मग जायचं सोडून वाकून बघत उभा राहिला. मी पहिला तुकडा बसवत होतो.

"डाक्टर, मिशीचा केस सरळ खाली येत न्हाई," तो म्हणाला. "भाईरच्या अंगाला पडतुया. तेचा कल बघून लावा."

"तू बाहेर थांब," मी म्हणालो. एरवी मी त्याला तुम्ही म्हणत असे.

तो गेला. मी उजव्या बाजूची मिशी पाहिली. म्हातारा बरोबर होता. बसवलेला तुकडा मी काढला, फिरवला आणि पुढचे बावीसही त्याच कलानं बसवले. कंपाउंडरनं पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पहिले पंधरा दिवस मी हवेत होतो. खपल्या धरल्या, पू नाही, प्रत्येक तुकड्यातून आखूड केस उभे. गड्याला मी रोज बोलवायचो, ओसरीतल्या लोकांना दिसेल असं उजेडात बसवायचो. आषाढ लागला, खाचरांत भाताची लावणी सुरू झाली आणि एके सकाळी तो चिखलाच्या पायांनीच आला. पळसाच्या पानावर त्यानं काहीतरी धरून आणलं होतं. केस होते. दोन दिवसांत सगळे गळले होते. ओठ पुन्हा गुळगुळीत.

 वहीत यावर काही नव्हतं. मी म्हणालो, "तूच चोळलं असशील. एवढं सांगून ऐकत नाही तुम्ही लोक." तो पंचा गुंडाळून निघून गेला. हे वाक्य मला आजही नको त्या वेळी आठवतं.

आठवड्यानं खिडकीतून पाहतो तर तो जांभळाखाली बसलेला, आणि म्हातारा त्याच्या ओठाला बोटानं काहीतरी लावतोय. माझं डोकं फिरलं. मी तसाच बाहेर गेलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "माझ्या जखमेला हात लावलास तर याद राख. पू झाला तर तुला तुरुंगात घालीन."

"निस्तं खोबरेल हाय, डाक्टर," तो म्हणाला. मग समोरच्या खाचराकडे बोट केलं, तिथे आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, लावणी चालली होती. "ते बघा. आवण उपटून हितं लावलं की पयलं पिवळं पडतंय, माना टाकतंय. आठ-धा दिस बघवत न्हाई. मग मूळ धरतंय आन् उभं ऱ्हातंय. तुमी मूळ लावलंय. पात गेली म्हून काय झालं?"

लोक हसले. कदाचित ते भाताच्या बोलण्याला हसले असतील. मला वाटलं, मला हसले. पदवीच्या माणसाला हा शेतीतलं शिकवतो! मी आत येऊन खिडकी लावून घेतली.

दसऱ्याच्या सुमारास मिशी आली. आधी लव, मग काळे राठ केस, बाहेरच्या अंगाला पडणारे, उजव्या बाजूशी जोडून घेतलेले. मला ती दुरून दिसली, कारण तो दवाखान्यात आलाच नाही. पंचा खांद्यावर टाकून, मिशीला पीळ भरून समोरून गेला आणि जांभळाखाली जाऊन बसला. ते केस मूळचे डोक्याचे, त्यामुळे डोक्याच्या वेगानं वाढायचे. डावी बाजू आठवड्याला कातरावी लागायची. म्हणजे माझ्या हातची एकुलती एक करामत आता दर आठवड्याला त्याच्या कात्रीखाली. सणाला गड्यानं न्हाव्याला नवा फेटा बांधला. आजूबाजूच्या गावांत बोलणं झालं, की डाक्टरानं घालवली आन् वारकानं आणली. वारीक म्हणजे न्हावी. मला भेटून एक बाई म्हणाली, "तुमी बी त्येच्याकडनं शिकून घ्या की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गुरूंना पत्र लिहिलं, सगळी हकीकत कळवली. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. लावलेले केस तिसऱ्या आठवड्यात गळतात, मुळं राहतात, तीन-चार महिन्यांनी नवे येतात. लेखाच्या दुसऱ्या भागात हे स्पष्ट दिलं आहे. तो वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत काय? शेवटची ओळ सोडून बाकीचं पत्र मला जगाला दाखवायचं होतं. मी ते घडी करून खिशात ठेवलं. चार माणसं जमली की चावडीवर वाचून, मराठीत समजावून सांगायचं आणि त्या फेट्याचा निकाल लावायचा, असं ठरवून टाकलं. न्हाव्याच्या त्या आवणाच्या बोलण्याचा तोच अर्थ होता, हे मनात येत होतं. मी ते येऊ देत नव्हतो.

माणसं जमली ती मार्गशीर्षात, गड्याचा बाप गेला तेव्हा. दहाव्याला मी नदीवर गेलो. पत्र खिशात होतं. खोटं कशाला सांगू, मुद्दाम घेऊन गेलो होतो.

काठावर दीडेकशे माणसं होती. गडी उघड्या अंगानं दगडावर बसलेला. न्हाव्यानं त्याच्या डोक्यावरचे केस उतरवले. मग ओठाला पाणी लावलं, वस्तरा उचलला आणि थांबला. मान वर करून गर्दीत शोधलं.

"डाक्टर, म्होरं या."

मी पुढे झालो. तो मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ही मिशी डाक्टरांनी लावल्याली हाय. मी तेल लावलं ते निस्तं पोरानं धीर सोडू नये, नखं लावू न्हाईत म्हून. दर येळी सांगत आलोय, कुनी ऐकत न्हाई. आज समदी हायेत, ऐका." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "तुमचं काम हाय. इचारल्याबिगर कसं काढू? काढू का?"

मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. गाव ऐकत होतं. कुणी हसत नव्हतं. आणि त्या घटकेला ते माझ्या काही कामाचं नव्हतं.

गडी माझ्याकडे बघत होता. "बापानं बघितली, डाक्टर," तो म्हणाला. "दिवाळीला उटून बसला आन् हात लावून बघितली. डावी कुटली, उजवी कुटली, त्येला वळकंना."

त्या पोराला मी 'तूच चोळलं असशील' म्हणालो होतो. मी खाली बसलो, त्याच्या ओठाला बोट लावलं. पाच महिने मी त्या मिशीला हात लावला नव्हता. मुळं घट्ट होती.

"परत येईल," मी म्हणालो. "पहिल्यासारखीच येईल. कल तुम्ही सांगितलात तोच आहे." हे शेवटचं मी न्हाव्याला म्हणालो, पण मोठ्यानं म्हणालो नाही. त्याच्याएवढं मन माझं नव्हतं.

"काढा," मी म्हणालो.

त्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओठ ताणला आणि वस्तरा टेकवला. तेवीस तुकडे, सगळे उंचसखल, कारण माझं हत्यार ओबडधोबड होतं. त्या खाचखळग्यांवरून एका दमात त्यानं वस्तरा उतरवला, रक्ताचा थेंब दिसला नाही. पत्र खिशात तसंच होतं, पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याही वेळी माझं लक्ष होतं त्या म्हाताऱ्याच्या मनगटाकडे. याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, असं मनात आलं आणि मी पुन्हा जळलो.