पहिली सही

बी.ए.ला असताना फ्रान्सचा एक पंतप्रधान माझ्या डोक्यात बसला. खाणावळवाल्याचा पोर. अकरा वेळा पंतप्रधान झाला, पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी हात मिळवला, शांततेचं नोबेल घेतलं. मग युद्धच बेकायदा ठरवणाऱ्या करारावर देशोदेशींच्या सह्या घेतल्या. माझे वडीलही खाणावळीत आचारी, त्यामुळे तो मला आपला वाटायचा. तरी परीक्षेच्या पेपरात मी ठणकावून लिहिलं होतं, करार मोडणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही तिथेच हा माणूस चुकला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. लिहिणारच.

आता मी आखातात, दुक्म बंदरावर एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. खोलीत सोबतीला आमच्याच गावचा फिटर होता. तो वरच्या वाडीचा, मी खालच्या. शिमग्याला पालखी आधी कुठल्या वाडीत जाणार, यावरून गावात डोकी फुटली आणि चार वर्षं पालखी देवळाबाहेर निघालेली नाही. वडील अंथरुणाला खिळलेत. पालखी एकदा दारात यावी, एवढंच त्यांचं मागणं.

एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी करार लिहिला. मान एक वर्षाआड, यंदा वरच्या वाडीचा. मोडेल त्या वाडीचा मान दोन वर्षं बंद. हे कलम खास माझं. फोनवर दोन्ही वाड्या हो म्हणाल्या. मी सही केली, खाली फिटरने केली, फोटो गावच्या ग्रुपवर टाकला.

तासाभरात वरच्या वाडीने विचारलं, खालच्या वाडीची सही वर कशी? मी लिहिलं म्हणून आधी मी सही केली, दुसरं काही मनात नव्हतं. नवा कागद करतो म्हटलं, तर आमचीच वाडी उसळली. वर गेलेली सही आता खाली येणार नाही म्हणे.

फिटर बॅग भरत एवढंच बोलला, "शिकलास तू. पण पेन आधी माझ्याकडे द्यावंसं वाटलं नाही तुला. खलास." त्याने खोली बदलली. मेसमध्ये दिसतो, ताट घेऊन पलीकडे बसतो.

तो फ्रान्सवाला पुढचं युद्ध पेटायच्या सात वर्षं आधी गेला. त्याला ते बघावं लागलं नाही. वडिलांनी यंदा खाट ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून लावून घेतलीय. फोनवर विचारतात, "निघाली काय रे?" कागद मी लिहिला होता, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.