काय बघितलं नाही त्याची यादी

घाडीकाका बोर्डाचं झाकण उघडायच्या आधी पैसे मागायचे. दारात रबरी चपला न काढता उभे राहायचे, उजवा तळवा पुढे करायचे आणि म्हणायचे, "आधी पैसे, मगे झाकण." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा माणूस घर तपासायला आलाय की तिकीट फाडायला?

तेव्हा आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये सगळेच धास्तावलेले होते. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एसीच्या बोर्डाने पेट घेतला होता. माणसं वाचली, पण भिंती छतापर्यंत काळ्या झाल्या. मी मुळातच भित्री. गॅस बंद केलाय ना हे बघायला दोन जिने परत चढून येणारी. घरात मी आणि पंचाहत्तरीची आई, दोघीच. दिवसभर मी अंधेरीला ऑफिसात आणि ती एकटी घरात. म्हणून आधी एका कंपनीच्या माणसाला बोलावलं, कारण तपासणी फुकट होती. त्याने दहा मिनिटांत घर फिरून सगळं वायरिंग बदलायचं पाऊण लाखाचं एस्टिमेट हातात ठेवलं आणि वर म्हणाला, "लवकर ठरवा मॅडम, रिस्क आहे." माझी झोप उडाली. शेवटी खालच्या वाण्याने घाडीकाकांचा नंबर दिला.

काका मूळचे कुडाळकडचे. इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वायरमनचं काम करता करता केस पांढरे झालेले. मी एस्टिमेट पुढे केलं तर त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. "फुकट बघणारो घर बघना नाय, ताई. गिऱ्हाईक बघता."

त्यांचा हिशेब सरळ होता. घर नीट बघायला अडीच तास लागतात, त्याची मजुरी आठशे रुपये. काही सापडलं तरी आठशे, नाही सापडलं तरी आठशे. आणि बिघाड निघाला तर दुरुस्ती ते करायचे नाहीत, ती दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची. "जो बघता, तेणा दुरुस्त करूचा नाय. नायतर डोळे खिशात जातत." पैसे आधी का, तर म्हणाले, "मगे देशात आणि काय गावूक नाय, तर तुमका ते जड जातले. आणि माका पण वाटात, काय तरी गावाक व्हया."

म्हणजे काही सापडलं नाही तर मला पैसे देणं जिवावर येणार, आणि त्यांनाही काहीतरी सापडावंसं वाटणार. ऐकायला पटलं. पण मी भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी घेत नाही. म्हटलं, "काका, सातशे घ्या ना. एवढंसं तर घर आहे."

ते रागावले नाहीत. पिशवीतून एक लांबडी वही काढली, आठ ओळींची यादी माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. "शंभर कमी, तर एक ओळ कमी. खयची ती तुम्ही मारा."

मेन स्विच, स्वयंपाकघर, फ्रिज, एसी, पंखे... मी यादीवरून नजर फिरवली आणि मोठ्या हुशारीने 'बाथरूमचा गीझर' यावर काट मारली. दोनच महिन्यांपूर्वी घेतलेला, दुकानाच्या माणसाने येऊन बसवलेला.

"गीझर नवो, पण भिंतीतली वायर जुनीच मा?" काका म्हणाले.

"असू दे हो."

अडीच तास ते वाकून, चढून, टॉर्च मारून बघत होते. शेवटी वहीतलं पान फाडून दिलं. त्यावर दोन रकाने. डावीकडे 'बघलंय', उजवीकडे 'बघूक नाय'. डावीकडे सगळं ठीक, वायरिंग बदलायची काही गरज नाही. उजवीकडे दोन ओळी : 'माळ्यावरची वायर, पुढे ट्रंक होती' आणि 'गीझर, ताईंनी नको सांगितला'. मी म्हटलं, जे बघितलं नाही ते कशाला लिहायचं? तर म्हणाले, "बघलेला सगळे सांगतत गो. बघूक नाय, ता कोण सांगना नाय." कागद मी फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि शंभर वाचवल्याच्या आनंदात झोपले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना आई म्हणाली, "हातात मुंग्या फार येतायत गं हल्ली." आईला शुगर. डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. मी "गोळी घे," म्हणाले आणि पळाले.

अकराच्या सुमारास कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि डोळ्यांपुढे तो कागद आला. नको सांगितला. ताईंनी. मुंग्या कधीपासून? दोन महिन्यांपासून. कधी येतात? आंघोळ झाली की. देवा! आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कामवाली गेली की अकरालाच ती आंघोळीला जाते.

काकांना फोन लावला. मी काय बोलले ते आठवत नाही. "गीझर" आणि "आई" एवढंच बोलले असेन. ते म्हणाले, "फोन ठेव. मी खालसून मेन पाडतंय." त्यांनी वर आमच्या घरी जायचा विचारच केला नाही. आई आतून कडी लावून बसलेली, दार कोण उघडणार? रिक्षातून उतरून ते थेट तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये गेले आणि आमच्या घराचा मेन स्विच बंद केला. आमचा मीटर नंबर त्यांच्या वहीत होता.

ती वीस मिनिटं मी कशी काढली, मलाच माहीत. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी सगळ्या देवांना नवस बोलले. मग आईचा फोन आला, कडक आवाजात. "अगं, साबण लावला आणि लाईट गेले! बिल भरलंस ना?" मी जिन्यातच बसून रडले.

घरी पोचले तेव्हा काका स्टुलावर चढून सॉकेट उघडून बसले होते. अर्थिंगची हिरवी वायर तोडून, गुंडाळून आत कोंबलेली. गीझर बसवणाऱ्याने ती जोडलीच नव्हती. गीझरमधून थोडा थोडा करंट पाण्यात उतरत होता, आणि आई रोज त्या नळाला हात लावत होती. कुणी चालू करू नये म्हणून काकांनी स्विचवर काळी टेप चिकटवली.

मी पाच हजार त्यांच्या हातात कोंबायला गेले. त्यांनी त्यातली शंभराची नोट घेतली. "मारलेल्या ओळीचे झाले. घाबरलेल्या माणसाकडसून जास्ती घेवचे नाय." मग स्टूल उचलत म्हणाले, "चूक माझीव आसा. माणूस धोक्याची ओळ मारना नाय, सोयीची मारता. ह्या माका कळाक व्हया होता." त्यानंतर त्यांनी कुणालाच ओळ मारू दिली नाही. आठशे, नाहीतर राम राम. मढच्या एका शूटिंगच्या बंगल्याचा मॅनेजर नुसत्या सहीसाठी तिप्पट द्यायला निघाला होता. काका म्हणाले, "तिप्पट देशात तर तीनदा बघतंय. न बघता एक रुपयो नको."

पुढे दरवर्षी ते यायचे. मी निमूट आठशे पुढे करायचे आणि आई त्यांच्यासाठी सोलकढी करून ठेवायची. गेल्या वर्षी आले तेव्हा बाथरूममधून हाक मारली, "ही हिरवी मा गो?" मी हो म्हटलं. स्वयंपाकघरातही तेच विचारलं. काका असं कधी विचारायचे नाहीत.

काम संपल्यावर टेबलाशी बसून बराच वेळ लिहीत होते. कागद दिला आणि त्याच्यावर माझे आठशे रुपये परत ठेवले. डावा रकाना रिकामा. उजवीकडे एकच ओळ : 'घाडीचे डोळे. हिरवी नि काळी सारकीच दिसता. दुसऱ्याकडसून बघून घ्या.'

"काका, मोतीबिंदू असेल. ऑपरेशन करून या. आम्ही थांबतो की!"

"करतलंय," ते म्हणाले. "पण तवसर तुझी आई आंघोळ करतली मा?"

डोळ्यांसाठी मुलीकडे कुडाळला गेले ते तिकडेच राहिले. फोन करतात. आधी गीझरची चौकशी, मग आईची.

परवा मी एक नवा इलेक्ट्रिशियन बोलावला. आठशे रुपये आधीच हातात दिले, तर तो बावचळलाच. तासाभरात म्हणाला, "सगळं ओके आहे, मॅडम." मी कागदावर दोन रकाने आखले आणि उजव्या रकान्यावर बोट ठेवून पेन त्याच्यापुढे केलं. म्हटलं, "काय बघितलं नाही, ते लिहा."

तो हसला. मग हसायचा थांबला. पेन खाली ठेवून त्याने बाथरूमच्या दाराकडे बघितलं.

"मॅडम, गीझरचं सॉकेट उघडलं नव्हतं," तो म्हणाला. "स्टूल आहे का?"

मी स्टूल आणलं आणि तो उतरेपर्यंत घट्ट धरून उभी राहिले.